चारही उत्तरं चूक

विलो फोर्क प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत कॉफीच्या यंत्राशेजारची भिंत मुलांच्या कार्डांनी भरलेली असे. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. वर नाव, खाली सराव परीक्षेचे गुण, आणि कार्डाला रंग. हिरवं कार्ड म्हणजे एप्रिलमधल्या राज्याच्या परीक्षेत हे पोर डोळे मिटून पास. पिवळं म्हणजे थोडा जोर लावला तर काठावर निघेल. आणि लाल म्हणजे सोडून द्या. 'सोडून द्या' असं भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. पण दर शुक्रवारच्या बैठकीत मुख्याध्यापक ड्वेन कॅसलबेरी हातातली पट्टी पिवळ्या कार्डांवरून सावकाश फिरवायचा आणि लाल कार्डांच्या अलीकडे थांबवायचा, त्यातून काय ते सगळ्यांना कळत होतं.

तिसरीच्या वर्ना टिडवेलला ती भिंत बघितली की कॉफी कडू लागायची. सव्वीस वर्षं ती याच शाळेत, याच खोलीत तिसरीला शिकवत होती. मुलांच्या डोक्यातल्या उवा, पायांतली दुसऱ्याची बुटं, डबा न आणण्याची रोजची नवी कारणं, सगळं तिने पाहिलं होतं. पण पोरांना असे रंग फासलेले तिला बघवत नव्हते.

"पिवळ्यांना धरा," ड्वेन म्हणायचा. "तिसरीत सहा पिवळी आहेत. सहाच्या सहा निघाली तर शाळेचा शेरा एक पायरी वर चढतो. नाही निघाली तर सलग तिसऱ्या वर्षी तळाचा शेरा, आणि मग राज्याची माणसं येऊन दाराला कुलूप घालणार. आपली पोरं मग रोज बत्तीस मैल बसमध्ये. बोला, आहे कुणाची तयारी?"

बोलणार काय? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि वर्नाला चीड येत होती ती त्याचीच. माणूस वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. पण ड्वेन वाईट नव्हता. एके काळी तो तिच्याच वर्गात होता. उबवणीच्या पेटीच्या काचेला नाक लावून बसणारा, पुढचे दोन दात पडलेला पोरगा. त्या साली पहिलं पिल्लू बाहेर आलं त्याचं नाव त्याने 'शेरीफ' ठेवलं होतं आणि ते कोंबडी निघालं तेव्हा तासभर रडला होता. आता तो टाय लावत होता, पण तिला अजून 'मिस' म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

वर्नाच्या वर्गात लाल कार्ड एकच होतं. ओपल हेंड्रिक.

ओपल नऊ वर्षांची. बाप रॉइस हेंड्रिक गुरांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा आणि घरामागे चाळीसेक कोंबड्या पाळून होता. आई दोन वर्षांपूर्वी टल्सा शहरात गेली ती तिकडचीच झाली. पोरगी मंद नव्हती. वाचायला लागली की अडखळायची, अडखळली की लाजायची, आणि लाजली की तोंडाला कुलूप. सरावाची पानं समोर ठेवली तर छताच्या चौकोनी फरश्या मोजत बसायची. गोष्ट वाचा, खाली चार उत्तरं, एक गोल काळा करा. गोष्ट वाचा, चार उत्तरं, गोल काळा करा. सप्टेंबरपासून रोज दोन तास हेच. छतावर एकशे बारा फरश्या आहेत, हे वर्गात फक्त ओपलला माहीत होतं.

कायदा सरळ होता: तिसरीच्या वाचनाच्या परीक्षेत नापास, तर चौथीचं दार बंद. पुन्हा तिसरी. ओपलचे सगळे सोबती पुढच्या खोलीत जाणार आणि ती लहान पोरांत सगळ्यात उंच म्हणून मागच्या बाकावर बसणार. अशा मुलांचं पुढे काय होतं हे वर्नाने पाहिलं होतं. ती हळूहळू बोलायची बंद होतात आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडतात.

दर वसंतात वर्ना वर्गात अंडी उबवायची. गेल्या वर्षीपासून विज्ञानाचा तास बंद झाला होता, कारण तिसरीच्या परीक्षेत विज्ञान नाही. दुपारची सुट्टीही पंधरा मिनिटांवर आली होती, कारण परीक्षेत पळणंही नाही. तरी मार्चअखेरच्या बुधवारी तिने रॉइसच्या कोंबड्यांची बारा अंडी मागच्या कपाटावरच्या पेटीत ठेवली. परीक्षा नऊ एप्रिलला. अंड्यांचे एकवीस दिवस सोळाला भरत होते. म्हणजे परीक्षा उरकली की पुढच्या बुधवारी पिल्लं, असा तिने नीट हिशेब केला होता.

"परीक्षेनंतर ना? मग ठेवा," ड्वेन म्हणाला. "पण मिस, त्यावर तास घालवू नका. पिवळ्यांचा तर अजिबात नको."

"पिवळ्यांचा नाही घालवत," वर्ना म्हणाली.

तिने शब्द पाळला. ओपलची बस घंटेआधी पंचवीस मिनिटं यायची. बाकी मुलं तेव्हा कॅफेटेरियात बिस्किटं म्हणतात ते मऊ पाव ग्रेव्हीत बुडवून खात असत. वर्नाने ओपलला वर्गात बोलावून घेतलं, हातात वही दिली आणि म्हणाली, "अंडी तुझ्या बापाची आहेत. तूच सांभाळ. काय दिसतं ते लिहीत जा."

पहिल्या दिवशी ओपलने लिहिलं: 'अंडी १२. गरम.'

वर्नाने तिला अंडी उबवण्याचं एक जुनं पुस्तक दिलं, कव्हर फाटलेलं, पानांवर वीस वर्षांच्या पोरांची बोटं उमटलेली. ओपल एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. अडली की विचारायची, लाजायची नाही. कारण आता तिला ते माहीत करून घ्यायचंच होतं.

"मिस, दमटपणा कमी झाला तर काय होतं?"

"पुढे वाच की."

"पुढे लिहिलंय की आतलं कातडं सुकतं आणि पिल्लू चिकटून बसतं." ती घाबरून पेटीकडे बघायची. "पाणी घालू?"

आठव्या दिवशी त्यांनी खोली अंधारी करून एकेक अंडं विजेरीसमोर धरलं. आतल्या लाल शिरा बघितल्यावर ओपलने वहीत एका दमात सहा ओळी लिहिल्या. त्यात स्पेलिंगं गावभर सांडलेली होती, पण वाक्यं पुरी होती. बाराव्या दिवशी ती पुस्तकाशीच भांडू लागली. "हे म्हणतात दिवसातून तीनदा फिरवा. डॅडी म्हणतो कोंबडी तर सारखीच फिरवते. यांनी कोंबडीला विचारलं नाही वाटतं."

वर्नाला त्या सकाळी इतका आनंद झाला की ती तशीच ड्वेनच्या खोलीत गेली. "ओपल हेंड्रिक वाचायला लागली, ड्वेन!"

"अरे वा. किती गुण वाढले?"

"गुणांचं नाही रे बोलत. वाचायला लागली म्हणते."

ड्वेनने चष्मा काढून डोळे चोळले. "मिस, त्या भिंतीवर 'वाचायला लागली' असा रंग नाही. तो असता तर मी पहिला लावला असता. पिवळ्यांतला डेरेक आणि त्या जुळ्या पोरी, त्यांचा आज जादा तास घेताय ना?"

वर्नाने तास घेतला. डेरेकला चार उत्तरांतली दोन वेडगळ आधी कशी उडवायची ते शिकवलं. गोष्ट न वाचताही जमतं, हेही शिकवलं. डेरेक खूश झाला, आणि आपण काय केलं म्हणून घरी जाताना गाडीत वर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं.

नऊ एप्रिलला सकाळी प्रत्येक मुलाच्या बाकावर एक पेपरमिंटची गोळी ठेवली गेली. डोकं तल्लख होतं म्हणे. पुस्तिका वाटल्या आणि मुलं तिसऱ्या प्रश्नावर पोचतात तोच गावाचा भोंगा वाजला. टोर्नॅडो, सोंडेसारखं फिरत येणारं वादळ. सगळी शाळा कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर, हात मानेवर. वर्ना मुलांच्या मागून डोकी मोजत फिरत होती. ओपल भिंतीशी तोंड ठेवूनच म्हणाली, "मिस, दिवे गेले. अंड्यांचं काय?"

"गप, डोकं खाली!"

"चौदावा दिवस आहे, मिस."

वादळ चार मैलांवरून निघून गेलं, पण वीज गेली ती गेलीच. रॉइस पोरीला न्यायला आला तेव्हा ती रित्या हाताने निघायला तयार होईना. शेवटी बापाने पेटी ट्रकच्या पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधली, ट्रकच्या बॅटरीवर जोडली आणि इंजिन चालू ठेवून दोघं वीज येईपर्यंत आवारात बसून राहिली. वर्ना त्यांना सँडविच देऊन आली तेव्हा ओपल ट्रकच्या उजेडात वही लिहीत होती.

अर्धवट परीक्षा रद्द झाली. सोमवारी नवी तारीख आली: परवाचाच बुधवार, सोळा एप्रिल.

वर्नाने बोटांवर मोजलं. एकविसावा दिवस.

"पेटी हलवा," ड्वेन म्हणाला.

"शेवटच्या तीन दिवसांत हलवली तर बाहेर पडायला पिल्लं आत वळतात, ती दिशा चुकतात. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि क्षणभर तो पुन्हा पुढचे दोन दात पडलेला पोरगा दिसला. मग टाय सारखा करत म्हणाला, "मग कागदाने झाका. नियमच आहे. भिंतीवरचं, कपाटावरचं सगळं झाकायचं. ती आवाज करणार नाहीत ना?"

"पिल्लं आहेत, ड्वेन. त्यांना परिपत्रक पोचलेलं नाही."

मंगळवारी वर्नाने आणि शेजारच्या वर्गातल्या ग्लेनाने वर्ग झाकून काढला. मुळाक्षरं, नकाशे, मुलांनी काढलेली चित्रं, 'कृपया' आणि 'आभारी आहे' लिहिलेल्या पाट्या, सगळ्यांवर तपकिरी कागद. फक्त घड्याळ उघडं राहिलं. पेटीवरही कागद ओढला. मग दोघींनी शपथपत्रावर सह्या केल्या: मी पुस्तिकेतला मजकूर वाचणार नाही, त्यावर कुणाशी बोलणार नाही, त्याची नोंद ठेवणार नाही; तसं केल्यास शिकवण्याचा परवाना गमावण्यास पात्र राहीन.

"मुलांना वाचायला द्यायचं आणि आपण वाचायचं नाही," ग्लेना पुटपुटली. "माझी आजी चर्चमधल्या प्रसादाचा पावसुद्धा आधी स्वतः चाखून बघायची."

"तुम्हा कॅथलिकांचं काही सांगू नकोस मला," वर्ना म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसण्यासारखं तेवढंच होतं.

बुधवारी वर्नाने छापील सूचना शब्दशः वाचून दाखवल्या. त्यापलीकडे एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. ग्लेना निरीक्षक म्हणून दाराशी बसली. पेन्सिली कुरकुरू लागल्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी कपाटाकडून आवाज आला. चिक्.

बावीस डोकी वर झाली. वर्नाने छापील कागद चाळला, पण असल्या प्रसंगाला त्यात वाक्य नव्हतं. तिने फक्त बोट दाखवलं: खाली, पेपरात. मुलं खाली बघू लागली, कान मात्र कपाटाकडे. चिक्. चिक्-चिक्. डेरेकला हसू आवरेना, त्याने तोंडात बाही कोंबली. हे बघायला मुलांनी तीन आठवडे वाट पाहिली होती. आणि आता जन्म चालला होता कागदाच्या आड, आणि पोरांनी माना खाली घालून गोल काळे करायचे होते. वर्नाची तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीही गप्प उभी राहिली, बाकांमधून येरझाऱ्या घालत, मजकुरावर नजर पडू नये म्हणून मुलांच्या केसांकडे बघत.

ओपल लिहीत होती. भराभर. वर्नाला वाटलं, चला, पोरगी लागली मार्गाला.

पावणेअकराला ओपलने मान वर केली आणि वर्नाकडे बघितलं. हात वर केला नाही, तोंड उघडलं नाही. नुसतं पेटीकडे बघितलं, मग वर छताकडे, मग पुन्हा पेटीकडे. दोनतीनदा. वर्नाला आधी कळेना. मग लख्ख कळलं. वरची भोकं! पेटीच्या झाकणावर हवेसाठी दोन भोकं होती आणि काल तिने स्वतःच्या हाताने त्यावर कागद ओढला होता. ती कपाटापाशी गेली, उभ्या-उभ्या दोन बोटांनी कागद फाडला आणि परत आली. ओपलची मान पुन्हा खाली गेली.

बाकीच्यांचं साडेअकराला आटोपलं. ग्लेना त्यांना जेवायला घेऊन गेली. वेळेची मर्यादा नव्हती, म्हणून ओपल एकटी लिहीत राहिली. पाऊण वाजता तिने पेन्सिल ठेवली आणि पुस्तिका उघडीच ठेवून धावत पेटीशी गेली.

"सात, मिस! सात आले! एक अजून फोडतोय!"

वर्ना पुस्तिका मिटायला वाकली आणि तिला ते दिसलं. पानाच्या चारही समासांत पेन्सिलीचं बारीक लिखाण. खाली, वर, आडवं, कोपऱ्यात वळून. तिने डोळे मिटायला हवे होते. सव्वीस वर्षं मुलांचं लिहिलेलं वाचणाऱ्या बाईला ते कसं जमणार? तिने वाचलं.

गोष्ट होती एका बदकिणीची. ती घरट्यातली अंडी सोडून दिवसभर थंडीत तळ्यावर खेळायला जाते. प्रश्न: बदकीण संध्याकाळी खूश का होती? खाली चार उत्तरं. ओपलने त्यातला एकही गोल काळा केला नव्हता. बाजूला लिहिलं होतं:

'ती खूश असणार नाही. दिवसभर अंडी गार पडली तर आतली पिल्लं मरतात. हे गोष्टीत लिहिलेलं नाही पण थंडी होती हे लिहिलंय, दुसऱ्या ओळीत. ज्याने गोष्ट लिहिली त्याने अंडी कधी उबवली नाहीत. चारही उत्तरं चूक.'

त्याच्या खाली:

'१०:२०. पहिला आवाज. १०:३५. दोन जण बोलतायत. वरची भोकं कागदाने बंद झालीत. मी उठले तर माझा पेपर रद्द होईल आणि मिसला त्रास होईल. नाही उठले तर ते गुदमरतील. १०:४५. मिसकडे बघितलं. मिसला कळलं. मी उठले नाही.'

वर्नाने पुस्तिका मिटली, पाकिटात घातली, पाकिटावर चिकटपट्टी लावली आणि सही केली.  मग ती पेटीजवळ ओपलशेजारी गुडघ्यांवर बसली. आठवं पिल्लू ओलं, पिवळं, डोळे मिटलेलं, कवचातून अर्धं बाहेर आलं होतं.

"नाव ठेवू याचं?" ओपल म्हणाली.

"ठेव. पण आधी कोंबडी आहे का कोंबडा ते कळू दे. मागे एकजण फसला होता."

मे महिन्यात निकाल आला. सहापैकी पाच पिवळी निघाली. शाळेचा शेरा एक पायरी वर चढला, ड्वेनने सगळ्यांना डोनट वाटले आणि कॅफेटेरियात फुगे लावले. ओपल दोन प्रश्नांनी नापास झाली.

कायद्यात एकच फट होती. पालक, शिक्षिका आणि मुख्याध्यापक अशी समिती बसवायची. तिघांचंही एकमत झालं तर मूल चौथीत. वर्ना समितीच्या बैठकीला ओपलची वही घेऊन गेली. रॉइस कामावरून थेट आला होता. टोपी मांडीवर ठेवून तो खुर्चीच्या कडेला बसला.

ड्वेनने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मन लावून वाचली. शेवटच्या पानावर पिल्लांची नावं होती, तिथे तो थोडा हसला.

"छान आहे, मिस. खरंच छान आहे. पण चालणार नाही."

"का?"

"तुमच्या मदतीने लिहिलंय. नियमात स्पष्ट आहे." त्याने कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. "मुलाने कुणाच्याही मदतीशिवाय, देखरेखीखाली, मजकूर वाचून, त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहिलेला एक तरी नमुना हवा. असा एक द्या. मी आत्ता सही करतो. मला हौस आहे का पोरीला मागे ठेवायची?"

"आत्ता बोलव तिला. मी बाहेर थांबते. काहीही वाचायला दे आणि लिहून घे."

"परीक्षेच्या निकालाआधीचा हवा, मिस. नंतर घोकून घेतलेला नको म्हणून. तारीख बघितली जाते."

रॉइस टोपी फिरवत म्हणाला, "साहेब, मला हे कायद्याचं कळत नाही. पण ती रात्री मला खाद्याच्या पोत्यावरचं सगळं वाचून दाखवते. आधी नव्हती दाखवत. त्याचं काही होत नाही का?"

"नाही, रॉइस. त्याचं काही होत नाही," ड्वेन म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर पडला.

वर्ना खिडकीबाहेर बघत बसली. मदतीशिवाय. देखरेखीखाली. मजकूर वाचून. स्वतःच्या शब्दांत. असा नमुना होता की. राज्याच्या कुठल्याशा गोदामात चिकटपट्टीच्या पाकिटात होता, आणि जगात तो वाचलेलं माणूस ती एकटी होती. यंत्राने फक्त गोल मोजले होते. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. शपथपत्राची ओळन्‌ओळ तिला पाठ होती.

आणि ती पोरगी पिल्लं गुदमरत असताना, मिसला त्रास होईल म्हणून जागेवरून उठली नव्हती.

"लिहून घे, ड्वेन," वर्ना म्हणाली. "सोळा एप्रिल. प्रश्न सतरावा. गोष्ट बदकिणीची."

आणि तिने सगळं सांगितलं. एक शब्द न गाळता, दुसऱ्या ओळीतल्या थंडीसकट. चारही उत्तरं चूक. दहा वीस, पहिला आवाज. मिसला कळलं. मी उठले नाही.

 ती थांबली तेव्हा रॉइसचे डोळे भरले होते. "हे ओपलने लिहिलं? माझ्या ओपलने?"

ड्वेनने पेन खाली ठेवलं होतं. 

"मिस," तो हळूच म्हणाला, "हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"तुला माहीत आहे कुठे वाचलं. मदतीशिवाय लिहिलंय का, सांग. देखरेखीखाली लिहिलंय का, सांग."

"कुठे वाचलंत, ते मला पुन्हा विचारायला लावू नका. मी विचारलं आणि तुम्ही सांगितलं, की मला कळवावं लागेल. नाही कळवलं तर सगळ्या शाळेचे पेपर रद्द होतील. वर चढलेली ती पायरी जाईल. शाळा जाईल. मिस, तुम्ही काही बोललाच नाहीत असं म्हणा. मी ऐकलं नाही असं म्हणतो."

"आणि ओपल?"

ड्वेनने ओपलची वही मिटली आणि वर्नाकडे सरकवली.

"मग मी वाचलं," वर्ना म्हणाली. "त्या पुस्तिकेत वाचलं. लिही."

 ड्वेनने टेबलाचा खालचा खण उघडला आणि त्यातून दुसराच एक फॉर्म काढला. त्यासाठीही फॉर्म होता. ओपलचा फॉर्म बाजूला सरकवून त्याने तो भरायला घेतला, आणि तारखेच्या जागेवरच त्याचं पेन दोनदा अडलं.

गोपनीय मजकूर उघड करून दिलेला पुरावा ग्राह्य धरता येत नाही, असं राज्याचं पत्र जूनमध्ये आलं. वर्नाच्या परवान्याची चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत परीक्षेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीदही आली. तिने जुलैत राजीनामा दिला, पण चौकशी संपली नाही. ग्लेनाने घरून कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाचं एक मोठं भांडं, करून आणलं, दोघींनी ते जेमतेम चाखलं आणि दोघीही रडल्या.

ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, वर्ना आपली उबवणीची पेटी न्यायला आली. ती तिची स्वतःची होती. शिक्षकांच्या खोलीतून जाताना तिची नजर भिंतीवर गेली. नवी कार्डं लागली होती. तिसरीच्या रांगेत, उजवीकडून चौथं: ओपल हेंड्रिक. पिवळं.

ड्वेन मागे येऊन उभा होता. त्याने पेटी तिच्या हातातून घेतली. "दोनच प्रश्नांनी गेली होती ना," तो म्हणाला. "म्हणजे यंदा काठावर आहे. आता तिला जादा तास मिळतील, मिस. रोज. तिसरीच्या नव्या बाईंना मी बजावून सांगितलंय, हिच्यावर जोर लावा म्हणून." तो तिच्याकडे आशेने बघत होता, आणि ते बघून वर्नाला त्याचा रागही आला आणि कीवही आली.

बाहेर रॉइसचा ट्रक उभा होता. पेटी त्यालाच द्यायची होती. ओपल पुढच्या सीटवर बसली होती, उन्हाळ्यात वीतभर उंच झालेली. तिने पेटी मांडीवर घेतली, काचेवरची धूळ कोपराने पुसली.

"मिस, एक विचारू? त्या परीक्षेत बदकिणीचा एक प्रश्न होता."

वर्नाने शाळेकडे बघितलं. ड्वेन दारातच उभा होता, ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्याने मान फिरवून घेतली.

"परवा नवीन बाईंनी भेटायला बोलावलं होतं. त्या म्हणतात, गोल कधीच रिकामा सोडायचा नाही. चारातलं एक बरोबर असतंच." ओपलने तिच्याकडे बघितलं. "त्यातलं कुठलं बरोबर होतं, मिस?"

"एकही नाही," वर्ना म्हणाली.